आईनं पाठ टेकली म्हणून मूल पोरकं होत नाही

दीड-दोन वर्षांचं मूल खेळत असताना त्याची आई शेजारी आडवी झाली, तर तिच्याबद्दल काय बोललं जातं हे कोणत्याही लेकुरवाळ्या बाईला विचारावं. ‘पोर एकटंच खेळतंय आणि ही खुशाल पडली आहे’, असं नात्यातली वडीलधारी माणसं बोलतात, शेजारणी बोलतात. आता त्यात नव्या वक्त्यांची भर पडली आहे. पालकत्वाची शिबिरं घेणारे आणि मोबाइलवर मिनिटाभराचे सल्ले देणारे तेच वाक्य शास्त्राच्या भाषेत सांगतात : पहिल्या तीन वर्षांतला प्रत्येक क्षण मोलाचा आहे, मूल जागं असेल तोवर त्याच्याशी बोलत राहा, त्याला गुंतवून ठेवा, गेलेली वेळ परत येणार नाही. जुना टोमणा आणि नवा सल्ला यांचा निष्कर्ष एकच निघतो. मूल जागं आहे तोवर आईला विसाव्याचा अधिकार नाही.

हा निष्कर्ष मला साफ अमान्य आहे. सुरक्षित खोलीत, हाकेच्या अंतरावर मोठं माणूस असताना, दुडदुडत्या वयाच्या मुलानं रोज थोडा वेळ आपलं आपण खेळावं ही त्याच्या वाढीचीच गरज आहे. त्या वेळात आईनं किंवा बाबांनी पाठ टेकली तर मुलाचं काहीही हिरावलं जात नाही. उलट बाजूचे मुद्दे क्षुल्लक नाहीत, म्हणून ते एकेक करून घेतो.

पहिला आणि सगळ्यात वजनदार मुद्दा मेंदूचा. लहानपणी मुलाकडे लक्ष दिलं नाही तर मेंदूची वाढ खुंटते, असं सांगितलं जातं. ज्या संशोधनाच्या आधारावर हे सांगतात, ते खरं आहे. मात्र ते कोणत्या मुलांवर झालं हे आईला सांगितलं जात नाही. १९८९च्या डिसेंबरात रुमानियातली चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि तिथल्या सरकारी अनाथालयांचं वास्तव जगापुढे आलं. ओळीनं मांडलेल्या पलंगड्यांमध्ये मुलं दिवसेंदिवस पडून होती. पोटाला मिळत होतं. पण रडलं तर धावून येणारं आणि हसलं तर हसणारं कुणी नव्हतं. २००० साली बुखारेस्टमध्ये अशा १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. निम्मी मुलं कुटुंबांमध्ये सांभाळायला दिली गेली आणि पुढे वर्षानुवर्षं दोन्ही गटांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. संस्थेतच वाढलेल्या मुलांच्या बुद्धीवर, बोलण्यावर, माणसांशी नातं जोडण्यावर खोल परिणाम झालेले दिसले. दोन वर्षांची होण्याआधी ज्यांना घर मिळालं, ती तुलनेनं जास्त सावरली.

या मुलांना वर्षानुवर्षं साद घालूनही प्रतिसाद मिळाला नव्हता. आता डोंबिवलीच्या किंवा हडपसरच्या दोन खोल्यांच्या घरातली आई पाहा. सकाळपासून तिनं मुलाला उठवलं, भरवलं, न्हाऊमाखू घातलं, त्याच्या शंभर प्रश्नांना उत्तरं दिली. दुपारी वीस मिनिटं ती त्याच खोलीत आडवी झाली आहे आणि मुलानं हाक मारली की पडल्या पडल्या ‘काय रे सोन्या’ म्हणते आहे. या दोन गोष्टी एकाच मापानं मोजणं हा शास्त्राचा गैरवापर आहे. उपासमारीनं शरीराची हानी होते हे सिद्ध झालं, म्हणून दोन जेवणांमधल्या वेळेला कुणी उपासमार म्हणत नाही.

त्याच्या काही दशकं आधी, रुमानियाच्या शेजारच्याच देशात, याच प्रश्नाचं दुसरं उत्तर शोधलं गेलं होतं. बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर यांनी १९४६ साली बुडापेस्टच्या लोत्सी नावाच्या रस्त्यावर अनाथ मुलांसाठी एक बालगृह सुरू केलं. तिथेही एका बाईच्या वाट्याला अनेक मुलं होती, त्यामुळे प्रत्येकाशी दिवसभर खेळत बसणं शक्यच नव्हतं. पिक्लर यांनी मुलाच्या दिवसाचे दोन भाग पाडले. अंघोळ, खाणं, कपडे बदलणं या वेळी सांभाळणाऱ्या बाईचं पूर्ण लक्ष त्या एका मुलाकडे असायचं. घाई नाही, यंत्रासारखं उरकणं नाही; प्रत्येक गोष्ट मुलाला सांगून आणि त्याच्या सहकार्यानं करायची. उरलेल्या वेळात मुलांना साध्या वस्तू आणि मोकळी जमीन मिळायची, आणि त्यांच्या खेळात मोठ्यांनी लुडबुड करायची नाही असा दंडक होता. मूल स्वतःहून पालथं पडेल, उठून बसेल, उभं राहील तोवर त्याला धरून बसवायचं किंवा उभं करायचं नाही. पिक्लर यांची पद्धत पुढे अनेक देशांतल्या पाळणाघरांनी स्वीकारली. या दोन देशांतल्या अनाथालयांची तुलना केली की मुलाला काय लागतं ते कळतं. लक्ष मिळावं तेव्हा ते भरघोस मिळावं, हाकेला ओ मिळावी, आणि मधला वेळ त्याचा त्याला मिळावा.

इंग्लंडमधले बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डी. डब्ल्यू. विनिकॉट यांनी १९५८च्या एका निबंधात याच्याही पुढची गोष्ट मांडली. माणसाला एकटं राहता येणं ही त्यांच्या मते भावनिक प्रौढपणाची एक महत्त्वाची खूण, आणि ती क्षमता येते आईच्या सहवासात एकटं असण्याच्या अनुभवातून. मूल आपल्या उद्योगात असतं, आई जवळ असते, दोघांपैकी कुणीही दुसऱ्याकडून काही मागत नाही. ही शांत वेळ मुलाला पुरेशी मिळाली की आईची उपस्थिती हळूहळू त्याच्या मनात मुक्कामाला येते आणि ते पुढे खरोखर एकटं असतानाही घाबरंघुबरं होत नाही. मला हे निरीक्षण या सगळ्या वादात निर्णायक वाटतं. आडवी झालेली आई मुलाला सोडून गेलेली नसते. तिचा श्वास त्याला ऐकू येतो, मध्येच येऊन ते तिच्या दंडाला हात लावून जातं आणि पुन्हा खेळू लागतं. एकटं राहण्याचा पहिला धडा याहून चांगल्या ठिकाणी मिळणार नाही.

आता या वीस मिनिटांत मूल करतं काय, ते पाहू. ‘एकटं खेळतंय’ म्हणजे ‘नुसतं बसलंय’ अशी अनेकांची समजूत असते. अठरा महिन्यांच्या मुलासमोर स्टीलचे दोन-तीन डबे, झाकणं, एक पळी आणि चार वाट्या ठेवा आणि न बोलता बघा. ते मोठ्या डब्याचं झाकण लहान डब्यावर ठेवतं, ते घसरतं. पुन्हा ठेवतं. मग लहान झाकण मोठ्या डब्यात टाकतं, ते आत पडून खणखणतं आणि त्या आवाजानं मुलाचे डोळे विस्फारतात. झाकण बाहेर काढतं, पुन्हा टाकतं, या वेळी वरून. आवाज बदलला हे त्याच्या लक्षात येतं. वाटी डब्यात मावते, डबा वाटीत मावत नाही, हे त्याला कुणीही सांगितलेलं नसतं. दहा-बारा वेळा करून पाहून ते स्वतः त्या निष्कर्षाला येतं. आकार, क्रम, कारण आणि परिणाम यांची ही पायाभरणी आहे. आता याच ठिकाणी कौतुकानं भरलेलं एखादं मोठं माणूस बसवा. ‘असं नाही रे, हे बघ, हे झाकण याचं’, असं म्हणत ते झाकण लावून टाकतं. डबा बंद झाला, प्रयोगही बंद झाला. मुलाच्या हाती शिकण्याऐवजी उत्तर आलं, आणि पुढच्या वेळी झाकण लागेना की ते डब्याकडे न बघता मोठ्यांच्या तोंडाकडे बघू लागतं.

मारिया माँटेसरी यांनी जानेवारी १९०७मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. तिथल्या तीनेक वर्षांच्या एका मुलीची नोंद त्यांनी करून ठेवली आहे. लाकडी दट्ट्ये खाचांमध्ये बसवण्यात ती इतकी गढली होती की इतर मुलांना तिच्याभोवती गाणी म्हणायला लावली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं, तरी तिचं काम थांबलं नाही. चाळीसहून जास्त वेळा तिनं ते केलं आणि थांबली तेव्हा दमलेली नव्हती, प्रसन्न होती. गढून गेलेल्या मुलाला मध्ये अडवू नये हा माँटेसरी शिक्षणाचा एक आधारस्तंभ झाला. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी तो विचार गुजराती-मराठी घरांपर्यंत आणला त्याला आता शंभर वर्षं होत आली. तरीही आपल्याकडे मुलाच्या खेळात सारखं घुसत राहणं हेच प्रेमाचं लक्षण मानलं जातं.

यावर एक प्रश्न येतो : मुलानं दुसऱ्या मुलांबरोबर खेळायला नको का? हवंच. पण वयाचा विचार करा. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या बालवाडीतल्या मुलांच्या खेळाची पाहणी प्रसिद्ध केली. दोन-अडीच वर्षांची मुलं इतर मुलं आजूबाजूला असतानाही बऱ्याचदा आपलं आपण किंवा शेजारी-शेजारी स्वतंत्रपणे खेळत होती. मिळून खेळणं वयाबरोबर वाढत गेलेलं दिसलं. आपल्या तंद्रीत खेळणारं दोन वर्षांचं मूल एकलकोंडं नाही, दुर्लक्षितही नाही. ते त्याच्या वयाला साजेसंच वागतं आहे.

दुसरा मुद्दा अपघाताचा, आणि इथे मी विरोधकांशी वाद घालणार नाही, कारण त्यांची भीती खरी आहे. लहान मूल चार बोटं पाण्यातही बुडू शकतं. न्हाणीघरातली भरलेली बादली त्याच्यासाठी विहीरच असते. रिमोटमधला किंवा वजनकाट्यातला बटणासारखा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत आतून भाजायला सुरुवात होते. शेंगदाणा, फुटाणा, द्राक्षाचा अख्खा मणी, फुटलेल्या फुग्याचा तुकडा श्वास कोंडायला पुरतो. शीतपेयाच्या बाटलीत ठेवलेलं फिनेल, कपाटामागे टाकलेलं उंदराचं औषध, गॅलरीच्या कठड्याला लागून ठेवलेलं स्टूल, भिंतीला न बांधलेलं कपाट, खाली लोंबणारी इस्त्रीची वायर यांतली प्रत्येक वस्तू जीवघेणी आहे.

पण ही यादी नीट वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. यांतला एकही धोका आईनं उभं राहिल्यानं टळत नाही. ती ओट्यापाशी पोळ्या लाटत असताना, दारात आलेल्या माणसाला पैसे देत असताना, कपडे वाळत घालत असतानाही बादली तिथेच असते. धोका टळतो तो खोली आधी नीट केल्यानं. म्हणून माझी अट स्पष्ट आहे : मुलाला आपलं आपण खेळू द्यायचं असेल तर एक खोली किंवा खोलीचा एक भाग असा करा, की तिथे आईचा डोळा क्षणभर लागला तरी मुलाला इजा होणार नाही. न्हाणीघराला बाहेरून कडी, बादल्या रिकाम्या आणि पालथ्या, स्वयंपाकघराचं आणि गॅलरीचं दार बंद, प्लगच्या भोकांना झाकण, औषधं वरच्या कप्प्यात, जमिनीवर तोंडात मावेल असं काही नाही. आईनं त्याच खोलीत पडायचं, शक्यतो जमिनीवरच्या गादीवर आणि दाराच्या बाजूला. मूल शांत झालं की मान वर करून बघायचं, कारण या वयात अचानक पडलेली शांतता बहुतेक वेळा काहीतरी सांगत असते. आजारी मूल, गुंगी आणणारं औषध घेतलेली आई, अनोळखी घर, या वेळी हे करायचं नाही. गाढ झोपेची गरज असेल तर मूल दुसऱ्या जागत्या माणसाच्या ताब्यात हवं. आणि दिवसेंदिवस उठावंसंच वाटत नसेल, मुलाकडे पाहून काहीच वाटत नसेल, तर तिला बोल न लावता डॉक्टरकडे न्यावं. तो थकवा नसून आजार असू शकतो.

थकव्याचा धोका मात्र या चर्चेत कुणीच मोजत नाही. रात्री तीनदा उठलेली आणि पहाटे डबे करणारी बाई संध्याकाळी उकळत्या आमटीचं पातेलं उतरवते तेव्हा मूल तिच्या पायात घुटमळत असतं. तिचा हात थरथरणं, दार लावायचं राहून जाणं, क्षुल्लक कारणावरून मुलाच्या पाठीत धपाटा बसणं, हे सगळं विश्रांती न मिळाल्याचे परिणाम आहेत. दुपारची वीस मिनिटं तिला मिळाली तर त्याचा पहिला फायदा मुलाला होतो.

तिसरा मुद्दा आजीच्या पिढीचा : ‘आम्ही चार-चार पोरं वाढवली, दुपारी कधी पाठ टेकली नाही.’ त्या पिढीच्या कष्टांबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण वाड्यात किंवा चाळीत मूल एका बाईच्या नजरेखाली नव्हतं. काकू, आत्या, मोठी बहीण, समोरच्या खोलीतल्या आजी, इतक्या जणी त्याच्याकडे बघत होत्या. ओसरीवर नाहीतर अंगणात ते तासन् तास आपलं आपण खेळत होतं आणि त्याला कुणी दुर्लक्ष म्हणत नव्हतं. आज ती सारी माणसं गेली आणि त्यांची सगळी कामं एका आईच्या दोन डोळ्यांवर येऊन पडली. त्यात शिवाय ‘गुंतवून ठेवा’ हे नवं काम. ज्या देशांतून हा सल्ला आला तिथलं चित्र बघा : अकरा पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत असं दिसलं की १९६५मध्ये आया मुलांच्या संगोपनात दिवसाला सरासरी ५४ मिनिटं घालवत होत्या, तर २०१२मध्ये १०४ मिनिटं, आणि याच काळात घराबाहेर नोकरी करणाऱ्या स्त्रियाही वाढल्या. आजची आई मुलाकडे बघत नाही हा आरोप वस्तुस्थितीला धरून नाही.

शिवाय न विसावण्याची किंमत त्या पिढीनं मोजली आहे : कंबरदुखी, उतरलेलं रक्त, अकाली थकलेलं शरीर. पुढच्या पिढ्यांचीही सुटका झालेली नाही : २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. तोच वारसा सुनेकडे जावा असं कोणती आजी मनापासून म्हणेल? वामकुक्षीला आपल्या संस्कृतीत मानाचं स्थान आहे. पुण्यात तर दुपारी एक ते चार दुकानं बंद ठेवण्याची रीतच होती. वडील जेवून आडवे झाले की ‘आवाज करू नका, बाबा पडलेत’ असं घर दबक्या आवाजात बोलतं. त्या वेळी मूल कुठे आहे, काय करतं आहे, हे त्या पडलेल्या बाबांना कुणीच विचारत नाही. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणारी स्त्री त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं खर्च करते, पुरुष ९७. शिवाय असं काम करणाऱ्या पुरुषांचं प्रमाणच फार थोडं. मुलाच्या एकट्या खेळण्यावर उठलेली टीका बहुतेक वेळा मुलाबद्दल नसते. बाई पडलेली दिसली, हे त्यामागचं दुखणं असतं.

त्या टीकेचा परिणाम काय होतो, तेही बघा. आईला विसावा तर लागतोच. मूल ‘रिकामं’ दिसता कामा नये, म्हणून ती त्याच्या हातात मोबाइल देते. मूल गप्प बसतं आणि बघणाऱ्यांनाही ते गुंतलेलं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये सांगितलं की एक वर्षाच्या मुलाला पडदा अजिबात दाखवू नये आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसात एका तासाहून जास्त नाही, कमी तितकं बरं. डबे-वाट्यांशी झगडणारं मूल लोकांना दुर्लक्षित वाटतं आणि चकचकीत चित्रांपुढे तोंड उघडं टाकून बसलेलं मूल वाटत नाही, इतका आपला निकष उलटा झाला आहे.

‘पण आमचं मूल खेळतच नाही, लगेच रडतं’, असं काही आयाही म्हणतात. ही सवय लावावी लागते. आरंभ पाच मिनिटांनी करावा. पोट भरलेलं असावं, थोडा वेळ आधी आपण त्याच्याबरोबर बसलेलं असावं. मग सांगावं, ‘मी इथेच पडते, तू खेळ.’ गुपचूप सटकू नये. फसवणूक झाली की मूल पुढचे आठ दिवस पदर सोडत नाही. रडलं तर उठावं, जवळ घ्यावं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करावं. खेळणी थोडीच ठेवावीत. काही मुलं महिनाभरानं रमतात, काहींना जास्त वेळ लागतो. रडून रडून गप्प झालेलं मूल आपलं आपण खेळायला शिकलं, असं मी म्हणणार नाही.

खरं दुर्लक्ष बघायचं असेल तर ते या राज्यात भरपूर आहे, पण त्याकडे बोट दाखवायला माणसं मिळत नाहीत. ऊसतोडीला निघालेलं जोडपं अंधारात फडात जातं, आणि तान्हं मूल कोपीत सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर राहतं, नाहीतर फडाच्या बांधावर. बांधकामांवर मुलं खडीच्या ढिगाशेजारी वाढतात. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६च्या कायद्यानं पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघर द्यावं असं मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७च्या दुरुस्तीनं सांगितलं. आपल्या परिसरातल्या किती ठिकाणी ते खरोखर चालतं, हे विचारा. ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांना बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत दिसलं की मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटं भावंड आहे. त्यांनी त्या आईला दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली, आणि मुलं अंगणातून येत नसतील तर बालवाडीच अंगणात नेली. आज देशभर रुजलेल्या अंगणवाडीची मुळं त्या कामात आहेत.

त्यांच्या त्या रीतीनं आपणही वागावं. पोर खेळतंय आणि आई पडली आहे असं दिसलं, की न्हाणीघराचं दार लावलंय ना ते पाहा, गॅसवर काही असेल तर उतरवा, आणि ‘तू तासभर नीट झोप, मी बसतो याच्याजवळ’ असं म्हणा. म्हणणाऱ्यांत मुलाचा बाप पहिला असायला हवा. हे जमत नसेल तर निदान बोल लावू नका. ज्या आयांना हे बोल ऐकावे लागतात त्यांना मी इतकंच सांगेन : खोली सुरक्षित करा, मुलाला सांगा आणि निःशंक मनानं पाठ टेका. त्याबद्दल कुणाचीही माफी मागायची गरज नाही.